‘सिव्हिलाइज’ करणे याला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

उंबरठा (धागाकर्ता) | शनिवार, २१:४०

बाबा सध्या आमच्याकडे लूव्हनला आलेत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कुठेही गेलं की पाटी वाचल्याशिवाय पाऊल पुढे टाकत नाहीत. काल ब्रसेल्सहून ४४ नंबरची ट्राम धरून टेरव्युरेनच्या आफ्रिका म्युझियमला गेलो. जुन्या इमारतीत घुमटाखाली एक गोल दालन आहे आणि त्याच्या कोनाड्यांत सोनेरी पुतळे आहेत. एका पुतळ्यात झगा घातलेला युरोपियन मिशनरी, आणि त्या झग्याला बिलगून वर बघणारा आफ्रिकन पोरगा. खाली फ्रेंचमध्ये एक ओळ.

“काय लिहिलंय?”
“बेल्जियम काँगोला सिव्हिलायझेशन आणून देताना.”
“मराठीत सांग की.”

इथे माझी गाडी अडकली. ‘संस्कृती आणून देताना’ म्हटलं तर बाबा म्हणाले, “म्हणजे त्यांच्याकडे नव्हती?” ‘सभ्यता’ म्हटलं, तर “ते काय असभ्य वागत होते?” शेवटी ‘सुधारणा’ म्हणून पाहिलं. त्यावर, “सुधारणा आम्ही कालव्याची करायचो. माणसांची कशी करतात?”

थोडी पार्श्वभूमी देतो. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने १८९७ साली टेरव्युरेनला मोठं प्रदर्शन भरवलं होतं. त्यासाठी काँगोतून २६७ माणसं आणली, बागेत खोटी खेडी उभारली आणि त्यांत ती माणसं ‘बघायला’ ठेवली. सात जण इथेच मेले. म्युझियमचा जन्म त्या प्रदर्शनातून झाला. २०१३ ला बंद करून डागडुजी केली आणि २०१८ च्या डिसेंबरात पुन्हा उघडलं. पुतळे मात्र वारसा म्हणून संरक्षित, त्यामुळे काढता येत नाहीत. मग एमे म्पाने या काँगोच्या कलाकाराचं एक भलंमोठं लाकडी मस्तक त्याच दालनात बसवलं, आणि नंतर पुतळ्यांसमोर चित्रं छापलेले झिरझिरीत पडदे सोडले. पडद्याच्या आड तो मिशनरी आहेच. पडदा नसता तर कदाचित मी इतकं निरखून बघितलंही नसतं.

तर प्रश्न साधा आहे. ‘टू सिव्हिलाइज’ला तुम्ही काय म्हणाल? कोश मीही उघडू शकतो. बाबांना पटेल असा शब्द हवाय.

कंदील | शनिवार, २१:५८

सुसंस्कृत करणे. धागा संपला. 🙂

अर्धविराम | शनिवार, २३:१०

कंदील, इतक्यात नका संपवू.

मूळ लॅटिन ‘सिविस’, म्हणजे नगराचा रहिवासी. तो शब्द आपल्याकडे अगदी ओळखीच्या वेशात आहे: नागर, नागरिक, नागरी. शहरात राहतो तो शहाणा, ही समजूत रोमची एकट्याची नाही. आपल्या काव्यशास्त्रात ‘ग्राम्य’ हा दोष आहे आणि मराठीत ‘गावंढळ’ ही शिवी. ‘सभ्य’ शब्दही तसाच. सभायां साधुः सभ्यः, म्हणजे सभेत शोभेल तो. आता सभेत कोणाला बसू द्यायचं हे सभेत आधीपासून बसलेलेच ठरवणार.

गंमत पुढे आहे. ‘सिव्हिलाइज’ हे क्रियापद जुनं आहे, पण ‘सिव्हिलायझेशन’ हे नाम फ्रेंचमध्ये आजच्या अर्थाने पहिल्यांदा छापलेलं सापडतं ते १७५६ च्या सुमारास, थोरल्या मिराबो या फ्रेंच लेखकाच्या लिखाणात. म्हणजे पानिपताच्या जेमतेम पाच वर्षं आधी. लंडनमध्ये डॉक्टर जॉन्सन १७७२ ला आपल्या कोशाची चौथी आवृत्ती तयार करत होते, तेव्हा त्यांचा मित्र आणि चरित्रकार बॉस्वेलने त्यांना हा शब्द घ्या म्हणून सुचवलं. म्हातारा ऐकेना. ‘सिव्हिलिटी’ आहे की, म्हणाला. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत ज्याच्या नावावर अर्धं जग वाटून घेतलं, तो शब्द त्याने कोशाच्या दारातच अडवला होता!

आणि फ्रेंचमध्ये त्या क्रियापदाचा एक जुना कायदेशीर अर्थही होता: फौजदारी खटला दिवाणी करणे. आपल्याकडच्या वकिलांना हा आवडेल.

कंदील | शनिवार, २३:१६

आमच्या गावात ‘सिव्हिल’ म्हणजे फक्त सरकारी दवाखाना. “सिव्हिलला नेलंय” म्हटलं की घरचे रडायला लागायचे.

खानदेशी_भरीत | रविवार, ०८:०५

काँगो लांबचं झालं, आमच्या दाराशी घडलेलं सांगतो. १८१८ ला पेशवाई गेल्यावर खानदेश इंग्रजांच्या हातात आला आणि सातपुड्यातले, सातमाळ्यातले भिल्ल त्यांना आवरेनात. आधी फौजा पाठवून बघितल्या. जमलं नाही. मग १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी काढली आणि जेम्स आऊट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटला भिल्लांचीच पलटण उभी करायला सांगितलं. धरणगाव हे तिचं ठाणं. हा गडी त्यांच्यात जाऊन राहिला, त्यांच्याबरोबर वाघ मारले, दारू प्याला. पलटण उभी राहिली. मग त्याच पलटणीकडून बाकीच्या भिल्लांचा बंदोबस्त करून घेतला.

यासाठी त्यांच्या कागदोपत्री वारंवार येणारं क्रियापद म्हणजे ‘रिक्लेम’. भिल्लांना रिक्लेम केलं. मुंबईकरांना हा शब्द पाठ आहे: समुद्र हटवायचा, भराव टाकायचा, आणि वर आलेल्या जमिनीला म्हणायचं रेक्लमेशन. माणसाला आणि चिखलाला एकच क्रियापद. आधी पडीक ठरवायचं, मग लागवडीखाली आणायचं.

ती लागवड किती टिकली, तेही सांगतो. सेंधव्याच्या घाटाची राखण ज्याच्याकडे होती तो खाज्या नाईक, म्हणजे त्यांच्या हिशेबाने ‘सुधारलेला’ भिल्ल, १८५७ ला उठला. १८५८ च्या एप्रिलात आंबापाणीला मोठी लढाई झाली. आऊट्रम तोवर जनरल होऊन लखनौकडे लढला होता.

उंबरठा | रविवार, १०:२०

भरीतभाऊ, हे बाबांना वाचून दाखवलं. त्यांचं मत असं: “पडीक शब्द बरोबर आहे. आमच्या खात्यातही जमीन आधी कागदावर पडीक व्हायची.”

मृण्मयी_टोरांटो | रविवार, १९:४५

इथे कॅनडात १८५७ म्हटलं की मला दुसरंच आठवतं. त्याच वर्षी इथे ‘ग्रॅज्युअल सिव्हिलायझेशन ॲक्ट’ झाला. नाव बघा, हळूहळू सिव्हिलाइज करण्याचा कायदा! मूळनिवासी पुरुषाला लिहिता-वाचता येत असेल, चालचलणूक चांगली असेल आणि डोक्यावर कर्ज नसेल, तर त्याला थोडी जमीन मिळणार आणि तो कायद्याने ‘इंडियन’ राहणार नाही. म्हणजे बक्षीस काय, तर तू तू राहणार नाहीस. पुढच्या एकोणीस वर्षांत स्वखुशीने हे घेणारा किती जण निघाले? एक.

कर्ज नसावं ही अट तर त्या काळच्या किती गोऱ्या शेतकऱ्यांनी पाळली असती कोण जाणे.

लोक आपणहून येईनात तेव्हा मुलांकडे मोर्चा वळवला. निवासी शाळा काढल्या, त्यांत सुमारे दीड लाख मुलं गेली. केस कापले, नावं बदलली, आपली भाषा बोललं की मार. शेवटची शाळा १९९६-९७ च्या सुमारास बंद झाली, म्हणजे आमच्यापैकी बऱ्याच जणांची दहावी तेव्हा झालेली होती. २०१५ ला सत्यशोधन आयोगाने याला ‘सांस्कृतिक वंशसंहार’ म्हटलं. दर ३० सप्टेंबरला माझी मुलगी शाळेत नारिंगी शर्ट घालून जाते. पहिल्या वर्षी मी तिला विचारलं, कशासाठी गं? ती म्हणाली, “एका मुलीचा नवा शर्ट शाळेने काढून घेतला होता.” एवढंच. तिला ‘सिव्हिलाइज’ शब्द माहीत नव्हता आणि काही अडलंही नाही.

वेदांग_७७ | रविवार, २०:३०

दुसऱ्याला उन्नत करणं हे मुळातच वाईट, असा सूर इथे लागतोय. आपल्या ऋषींनीही ‘कृण्वन्तो विश्वमार्यम्’ म्हटलंय. सगळ्या विश्वाला आर्य, म्हणजे श्रेष्ठ करू या. त्यात तलवार नव्हती, बंदूक नव्हती. पाश्चात्त्यांनी केलं ते वेगळं.

अर्धविराम | रविवार, २१:०२

वेदांग, ऋचा नवव्या मंडलातली, सोमाच्या सूक्तातली आहे. घोषवाक्यात तिचा मधला तुकडा घेतात. लगेच पुढचे दोन शब्द आहेत ‘अपघ्नन्तो अराव्णः’. जे देत नाहीत त्यांना हाकलून लावत. झेंड्यावर ते दोन शब्द कोणी लिहीत नाही.

तलवारीचं म्हणाल तर अशोकाचा तेरावा शिलालेख बघा. कलिंगात एवढी माणसं मारली गेली त्याचा पश्चात्ताप त्यात आहे, खराच आहे. पण त्याच लेखात रानातल्या, ‘अटवी’तल्या लोकांना समजावणीच्या सुरात सांगितलंय की राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या हातात अजून बळ आहे, तेव्हा लाज धरा, म्हणजे मारले जाणार नाही. जगातल्या सगळ्यात हळव्या राजाचीसुद्धा रानाच्या कडेला आल्यावर भाषा बदलते.

रुळावरून | रविवार, २१:१५

इंग्रज आले नसते तर आज तुम्ही या साइटवर टाईप करत नसता. रेल्वे, टपाल, कायदा कोणी दिला?

कंदील | रविवार, २१:१९

आलात का. वाटच बघत होतो. रेल्वे ज्या देशांवर कोणाचं राज्य नव्हतं तिथेही धावते, जपानात जाऊन या. पुढे?

तारेपलीकडे | सोमवार, ००:३५

मी इथे नुसता वाचत असतो, लिहीत नाही. पण आता लिहितो.

माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये जन्मले. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा, १९११ पासून तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. जन्माने गुन्हेगार. आईच्या पोटातून बाहेर आलं की नाव रजिस्टरात. भोवती तारेचं कुंपण, हजेरी, बाहेर जायचं तर पास. कुंपणातली माणसं गिरणीत कामाला. सरकार याला काय म्हणायचं? सुधारणा. कामाची सवय लागावी, शिस्त लागावी, पोरांनी शाळा शिकावी म्हणून. ३१ ऑगस्ट १९५२ ला आम्ही ‘विमुक्त’ झालो. देश सुटल्यावर पाच वर्षं सोळा दिवसांनी. सोलापुरात त्या भागाला अजूनही सेटलमेंटच म्हणतात.

उंबरठा, तुम्ही शब्द विचारलात. आमच्या आजीचा शब्द होता ‘माणसाळवणे’. “साहेबानं आम्हाला माणसाळवलं म्हनं.” ती हसत म्हणायची. हा शब्द तुम्ही लांडग्याच्या पिल्लाला वापरता. कुत्रं माणसाळतं, हरीण माणसाळतं. माणसाळवायचं म्हणजे समोरचा माणूस नाही हे आधी धरून चालायचं.

ती हसायची का, ते मला फार उशिरा कळलं.

जुनी_वही | सोमवार, ०९:५०

तारेपलीकडे, लिहीत राहा, ही विनंती.

तुमच्या आजींच्या शब्दापुढे माझं व्याकरण फिकं आहे, पण एक सांगावंसं वाटतं. मराठीत ‘सुधारणे’ दोन्हीकडे चालतं. “पोरगा सुधारला” आणि “मास्तरांनी पोराला सुधारलं”. पहिल्यात कर्म नाही. कोणी सुधारलं विचारलं तर म्हणता येतं, आपला आपण. इंग्रजी ‘सिव्हिलाइज’ला मात्र समोर कोणीतरी लागतंच. आपल्या एकोणिसाव्या शतकातला सगळा झगडा मला या दोन वाक्यांमधला वाटतो. आगरकरांनी १८८८ ला ‘सुधारक’ काढला तेव्हा रोख स्वतःच्याच घरावर होता: आपली सोवळी, आपली केशवपनं. शिव्या खाल्ल्या, जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली. तोच शब्द सोलापुरात तार लावून दुसऱ्यावर वापरला तेव्हा शिव्या खाणारे वेगळे आणि सुधारणारे वेगळे झाले.

गांधींनी १९०९ ला जहाजावर ‘हिंद स्वराज’ गुजरातीत लिहिलं, त्यात सिव्हिलायझेशनला त्यांनी शब्द वापरला ‘सुधारो’. मग त्याची फोड केली: सु म्हणजे चांगला, धारो म्हणजे रीत. आणि जे त्याच्या उलट ते ‘कुधारो’. मराठीत कुधारणा हा शब्द रुळायला हवा होता.

कंदील | सोमवार, १०:१२

गांधींचं ते प्रसिद्ध उत्तर राहिलंच की. पाश्चात्त्य सिव्हिलायझेशनबद्दल काय वाटतं? “कल्पना चांगली आहे!”

जुनी_वही | सोमवार, १०:३०

ते वाक्य छान आहे, पण त्यांच्या हयातीतला पुरावा मिळत नाही. कितीतरी वर्षांनी त्यांच्या तोंडी घातलं गेलं. कुधारो मात्र छापील आहे, आणि मला तोच जास्त आवडतो.

निळी_शाई | सोमवार, १३:२५

धागा वाचतेय. सोलापूरचं वाचून गप्प झाले होते. तरी एक वेगळी बाजू मांडते, आणि ती रुळावरूनसाहेबांची बाजू नाही.

मिशनऱ्याचा पुतळा बघून राग येणं सोपं आहे. पण जोतिबा पुण्यात शिकले ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत. अमेरिकन मिशनच्या मिस फॅरारची नगरची मुलींची शाळा त्यांनी बघितली होती, सावित्रीबाईंनी तिथे प्रशिक्षण घेतलं. गावातल्या पंतोजीने ज्यांना ओट्याखाली बसवलं, त्यांना दार उघडून देणारा पाद्री होता. त्याच्या मनात ‘ह्यांना सिव्हिलाइज करू’ असेल. असू दे. आत तर घेतलं.

आता सरकारचं बघा, कारण सरकार आणि मिशन एक नव्हे. जून १८५६, धारवाड. एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारने काय केलं? एका मुलासाठी बाकीच्यांचा पूर्वग्रह दुखावणं बरं नव्हे, म्हणून हात वर केले. बाबासाहेबांनी हे प्रकरण पुढे दाखवून दिलं. एकीकडे मेकॉलेची १८३५ ची टिपणी, रंगाने हिंदी आणि आवडीनिवडीने इंग्रज असा एक वर्ग तयार करायचा. त्या वर्गातून ज्ञान खाली झिरपेल म्हणे. १८८२ ला शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढे फुले हेच सांगत होते: तुम्ही वरच्यांना शिकवताय, खाली काही येत नाहीये, प्राथमिक शाळा काढा.

म्हणजे सुधारायला आलेले लोक प्रत्यक्ष सुधारायची वेळ आली की गावच्या पाटलाकडे बघायचे. माझा राग यावर आहे.

उंबरठा | सोमवार, १७:१०

निळी शाई, काँगोतही हे गुंतागुंतीचंच आहे. लिओपोल्डने १८७६ ला ब्रसेल्समध्ये भूगोलतज्ज्ञांची परिषद बोलावली आणि भाषण ठोकलं की पृथ्वीचा जो एकच भाग सिव्हिलायझेशनला अजून खुला झालेला नाही तो खुला करणं ही या प्रगतीच्या शतकाला शोभणारी धर्ममोहीम आहे. १८८४-८५ ला बर्लिनला चौदा देश टेबलाभोवती बसले, आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नाही, आणि करारात ‘स्थानिकांना सिव्हिलायझेशनचे लाभ समजावून देणे’ असं कलमच घातलं. त्यातून लिओपोल्डला काँगो मिळाला. बेल्जियमला नव्हे, त्याला. स्वतःच्या मालकीचा देश. मग सायकलच्या आणि मोटारीच्या टायरांसाठी रबराची मागणी वाढली. प्रत्येक गावाला रबराचा कोटा, तो भरेपर्यंत बायका ओलीस. सैनिकांना प्रत्येक काडतुसाचा हिशेब द्यावा लागे, म्हणून मेलेल्याचा, कधी जिवंत माणसाचाही, हात कापून आणायचे.

आणि हे जगाला ज्यांनी दाखवलं त्यांत कोण होतं? मिशनरी. ॲलिस हॅरिस नावाच्या बाईने १९०४ ला एका बापाचा फोटो काढला. तो व्हरांड्यात बसून आपल्या लहान मुलीच्या कापलेल्या हातापायाकडे बघतोय. अशा फोटोंनी आणि ब्रिटिश कॉन्सल केसमेंटच्या अहवालाने बोंब झाली, आणि १९०८ ला राजाला आपली ‘मालमत्ता’ बेल्जियम सरकारकडे द्यावी लागली. तेव्हा तो सोनेरी मिशनरी पूर्ण खोटा आहे असंही म्हणवत नाही. खोटी आहे ती खालची ओळ.

त्याच म्युझियममध्ये एका भिंतीवर काँगोत मेलेल्या १५०८ बेल्जियन लोकांची नावं कोरली आहेत. काँगोच्या लोकांचं एकही नाही.

बाबांनी काल रात्री शब्द सुचवला: ‘वळण लावणे’. म्हटलं, बरा आहे की, पोरांना लावतात तसं. तर म्हणाले, “पोरांचं नाही रे. पाण्याचं. नदीला वळण लावायचं म्हणजे तिचं पाणी आपल्या रानात घ्यायचं.”

खानदेशी_भरीत | सोमवार, १७:४०

काका एक नंबर.

वकिलीण | सोमवार, १८:०५

हा शब्द मेलेला नाही बरं का. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीचं कलम ३८ काढा. न्यायालयाने कशाच्या आधारे निवाडा द्यायचा, तर ‘सिव्हिलाइज्ड राष्ट्रांनी’ मान्य केलेल्या कायद्याच्या सामान्य तत्त्वांच्या. अजून तसंच छापलेलं आहे. आम्ही शिकताना सरांनी तो शब्द गिळून पुढे वाचलं होतं.

अर्धविराम | सोमवार, २२:३०

फ्रान्समधली जुगलबंदी सांगायची राहिली. २८ जुलै १८८५ ला माजी पंतप्रधान जूल फेरी संसदेत म्हणाला, वरच्या वंशांना अधिकार आहे, कारण त्यांच्यावर कर्तव्य आहे: खालच्या वंशांना सिव्हिलाइज करण्याचं. दोन दिवसांनी खासदार क्लेमांसोने त्याला धुतला. म्हणाला, फ्रेंच हा जर्मनांपेक्षा खालचा वंश आहे म्हणून फ्रान्सचा पराभव व्हायचाच होता, असं जर्मन पंडितांनी शास्त्रशुद्ध सिद्ध केलेलं मी ऐकलं, तेव्हापासून कोणालाही ‘खालचा’ म्हणण्याआधी मी दोनदा विचार करतो. मग आपलंच नाव घेतलं: हिंदू खालचा वंश? ती प्राचीन, परिष्कृत संस्कृती असणारे?

हे वाचून माझी छाती फुगली होती. आता या धाग्यानंतर तेच वाक्य वाचताना खटकलं. ज्यांच्याकडे दाखवायला वेरूळ नाही, पाणिनी नाही, त्यांचं काय? आम्हाला काय सुधारता, आमच्याकडे लेणी आहेत, असं म्हटलं की लेणी नसलेल्यांना सुधारायला आपण मोकळे. समाजशास्त्रज्ञ घुर्ये १९४३ ला आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ म्हणाले. फेरीपेक्षा सौम्य, पण शिडी तीच, फक्त आपण एक पायरी वर उभे.

जाता जाता, ‘संस्कृती’ या शब्दाबद्दल. बंगाली भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जींनी लिहून ठेवलंय की ‘कल्चर’ला हा शब्द त्यांना १९२२ ला पॅरिसमध्ये एका मराठी मित्राकडून मिळाला. बंगालीत तेव्हा ‘कृष्टी’ चालू होता, रवींद्रनाथांना तो अजिबात आवडत नसे, त्यांनी आपला शब्द आनंदाने घेतला. म्हणजे बाबा ज्यावर अडले तो आपला माल आहे.

मृण्मयी_टोरांटो | मंगळवार, ०६:१५

शिडीबद्दल +१. इकडच्या आपल्या मंडळाच्या गप्पांत मूळनिवासींबद्दल जे ऐकू येतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आपण पोचून वीस वर्षं झाली नाहीत तोवर.

वेदांग_७७ | मंगळवार, ०८:४०

अपघ्नन्तोबद्दल बघितलं. बरोबर आहे. पूर्ण सूक्त आजवर वाचलं नव्हतं.

जुनी_वही | मंगळवार, ११:२०

उंबरठा, तुमच्या बाबांसाठी एक तुकडा. काँगो ३० जून १९६० ला स्वतंत्र झाला, त्या समारंभात बेल्जियमचा राजा बोदुआं म्हणाला की दुसरा लिओपोल्ड तुमच्याकडे जेता म्हणून नव्हे तर सिव्हिलाइज करणारा म्हणून आला होता. पंतप्रधान लुमुम्बांचं भाषण कार्यक्रमात नव्हतंच. ते उठले आणि राजाच्या तोंडावर ऐंशी वर्षांचा पाढा वाचला. हे लुमुम्बा स्वतः बेल्जियनांच्या लेखी ‘एव्होल्युए’ होते, म्हणजे उत्क्रांत झालेले. बेल्जियमच्या राज्यात अशांसाठी वेगळं ओळखपत्र असे, ते देण्याआधी सरकारी माणसं घरी येऊन बघत: जेवायला काटे-चमचे आहेत का, घर कसं ठेवलंय.

त्या भाषणात मार आहे, मजुरी आहे, जमिनी आहेत, तुरुंग आहेत. पण एक वाक्य असं आहे की ते मराठी माणसाला भाषांतराशिवाय कळावं. लुमुम्बा म्हणाले, काळ्या माणसाला ‘तू’ म्हटलं जायचं हे कोण विसरेल? मित्र म्हणून नव्हे, तर मानाचं ‘तुम्ही’ फक्त गोऱ्यांसाठी राखून ठेवलेलं होतं म्हणून.

इंग्रजीत हे वाक्य नीट उतरतच नाही. तिथे सगळेच ‘यू’.

तारेपलीकडे | मंगळवार, ११:५५

हजेरीला आजोबांना नावाने हाक मारायचे. एकेरी. पुकारणारा वयाने त्यांच्याहून लहान.

अजूनही कचेरीत गेलो की आधी आडनाव विचारतात, मग ठरवतात ए का अहो.

निळी_शाई | मंगळवार, १२:०२

हो.

उंबरठा | मंगळवार, २२:४५

बाबांना लुमुम्बांचं वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, साइटवर आम्ही मजुरांना नावानेच हाक मारायचो, म्हाताऱ्यांनासुद्धा. ते आम्हाला साहेब म्हणायचे. कोणी शिकवलं नव्हतं.

नंतर आत्याला फोटो पाठवताना मोबाईलवर एका बोटाने टाईप करत बसले होते. मी डोकावून बघितलं. मिशनरी आणि पोराच्या फोटोखाली लिहिलं होतं: ‘बेल्जियम काँगोला अरे-तुरे करताना.’ आत्याचं उत्तर आलं, “थंडी आहे का तिकडे?”

तारेपलीकडे | मंगळवार, २३:०८

त्या पोराचं नाव कुठे लिहिलंय का? झगा धरलाय त्याचं.

उंबरठा | बुधवार, १८:३०

आज पुन्हा गेलो होतो, बाबांनाच जायचं होतं. नाही, पोराचं नाव कुठे नाही. पण त्या १५०८ नावांच्या भिंतीवर आता फ्रेडी त्सिम्बा या काँगोच्याच कलाकाराचं काम आहे. समोरच्या खिडक्यांच्या काचांवर त्याने १८९७ ला इथे मेलेल्या सातांची नावं घातली आहेत. ऊन आलं की त्यांची सावली बेल्जियनांच्या नावांवर पडते. आम्ही गेलो तेव्हा ढग होते. बाबा म्हणाले, थांबू. पाऊण तास थांबलो.

नंतर गावातल्या चर्चला गेलो, तिथे त्यांच्या कबरी आहेत. बाबांनी डायरीत देवनागरीत नावं उतरवून घेतली, ती इथे देतो. उच्चारात चूक असेल तर सांगा: एकिया, गेम्बा, किटुक्वा, म्पेया, झाओ, सांबा, मिबांगे.